संताजीरावांनी ओ दिली

परवा म्हैसुरात सरस्वतीपुरमच्या चौकात वाहतुकीच्या पोलिसानं एका मुलीची स्कूटर अडवली. तिनं हात जोडले आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मामा, आज एक दिवस सोडा, ऑफिसला उशीर झालाय." पोलीस हसला आणि त्यानं तिला जाऊ दिलं. माझ्याबरोबर माझी नात वेदवती होती. ती बंगळुरात नोकरी करते, आणि तिची मराठी तीन-चारशे शब्दांत आटपते. तिनं विचारलं, "अज्जा, पोलिसाला मामा कशाला म्हणतात? काका का नाही?"

मी उभ्या जन्मात रंगमंचावर प्रश्नाला उत्तर देताना अडखळलो नाही, तिथं मात्र अडखळलो.

कारण उत्तरं पुष्कळ ऐकली आहेत. आमचे शेजारी तिरुमलराव, निवृत्त मास्तर, छातीठोकपणे सांगत की हा शब्द मुंबईकडचा, राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तिकडच्या अधिकाऱ्यांच्या ट्रंकांबरोबर आला. त्यांची बायको विशालाक्षी म्हणे, "अय्यो, माझी आजी राजांच्या काळात म्हणायची की!" कुणी म्हणे, ही थट्टा आहे, सहज फसणारा तो मामा. कोण खरं, ते मला ठाऊक नाही. पण त्या शब्दाचा अर्थ मी एकदा या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या अर्थाला खाकी गणवेश होता, पांढऱ्या मिशा होत्या, आणि त्याचं नाव होतं दफेदार संताजीराव.

पुनर्रचनेला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. आमची नाटक कंपनी दर दसऱ्याला म्हैसुरात मुक्काम टाकी. पत्र्याचं थिएटर, पुढच्या रांगांना वाळू, मागे बाकं. नाटकं कन्नड, नट निम्मे मराठी. आम्ही म्हैसूरचे मराठी लोक घरात मराठी बोलतो आणि रागावलो की कन्नड, म्हणून दोन्हीकडे चालून जातो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझं काम होतं विनोदी पोलिसाचं. पोटावर उशी, कोळशाच्या मिशा, टोपी वाकडी. मी आत आलो की थिएटर ओरडे, "मामा!" मी लोकांकडे वळून डोळा मिचकावी, की पत्रा हादरेपर्यंत हशा!

एकच माणूस हसत नसे. बंदोबस्ताला नेमलेले दफेदार, म्हणजे हवालदार, संताजीराव डाव्या खांबाशी उभे राहून रोज तेच नाटक बघत. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. नटाला आठशे माणसं हसलेली पुरत नाहीत, न हसलेला एक सलतो. पाचव्या दिवशी मी न राहवून विचारलं, "दफेदार, एवढं वाईट करतो का हो मी?"

"वाईट नाही, बिंदण्णा. खोटं करता."

बिंदुमाधव या माझ्या भारदस्त नावाचं त्यांनी पहिल्याच दिवशी बिंदण्णा करून टाकलं होतं.

"नाटकच आहे. खोटंच असायचं."

"तसं नाही. 'मामा' म्हणून हाक आली की तुम्ही लोकांकडे बघून डोळा मारता. पोलीस आधी बघतो, हाक कुणी मारली. हसायला मारली, की भिऊन मारली."

"आणि हसायला मारली असेल तर?"

"तर मिशी पुसायची आणि पुढं जायचं. त्यांचं हसू काय आपल्या खिशातून जातं?"

"पण मामाच का? काका का नाही?" माझ्या नातीचा प्रश्न मी साठ वर्षांपूर्वीच विचारला होता म्हणायचा.

संताजीरावांनी खांबाला पाठ टेकली नाही, पण जरा सैल झाले. "काका म्हटलं की बापाचं घर आलं. वाटणी आली, शिस्त आली, 'कुठं होतीस इतका वेळ' आलं. आईचं माणूस आधी जेवलीस का विचारतं. रस्त्यात घाबरलेल्या माणसाला तसला कुणीतरी हवा असतो. मिळेल त्या टोपीला मामा म्हणतात, झालं."

संताजीरावांचं घराणं जुन्या म्हैसूर सैन्यातलं. आजोबा शिलेदारांच्या घोडदळात होते आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत घोड्यावरून जात. वडील त्याच मिरवणुकीत पायदळातून चालले. संताजीराव पोलिसात गेले तेव्हा त्यांच्या मनात आपलीही पाळी येणार हे पक्कं होतं. पण बत्तीस वर्षं कधी बाजारपेठेचा बंदोबस्त, कधी स्टेशनचा. मिरवणुकीत चालणाऱ्या पोलीस तुकडीत त्यांचं नाव कधी आलंच नाही. त्या वर्षी, डिसेंबरात निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या दसऱ्याला, ते आलं. चौथ्या रांगेत, उजवीकडून पहिले. ही बातमी त्यांनी मला जितक्या कोरड्या आवाजात सांगितली तितक्याच कोरड्या आवाजात त्यांच्या बायकोनं, भागीरथीबाईंनी, आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितली. पोलीस लाइनीत तेवढं सोडून दुसरं बोलणंच नव्हतं.

अडचण एकच होती. आमच्या भागाला नवे इन्स्पेक्टर आले होते. बेळगावकडचे, शिस्तीचे, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांना 'मामा' हा शब्द सहन होत नसे. एकदा भर बाजारात टवाळांनी त्यांच्यासमोर एका शिपायाला "मामा, मामा" करून नाचवलं होतं, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. हजेरीला त्यांनी हुकूम काढला: "तुम्ही कायद्याची माणसं आहात, कुणाचे मामा नाही. यापुढे या हाकेला जो ओ देईल त्याला मेमो. आणि मेमो असलेला माणूस मिरवणुकीत चालणार नाही."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? चार दिवस कान बंद ठेवायचे," संताजीराव म्हणाले. आणि खरंच, चार दिवस मार्केटातल्या फुलवाल्या "मामा, मामा" करून थकल्या, पण हा माणूस सरळ समोर बघत निघून जाई. गिरिजाबाई म्हणून एक मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं विकणारी म्हातारी होती. ती पाठीमागून म्हणाली, "मोठं झालं आमचं माणूस. राजाच्या हत्तीबरोबर जाणार ना, आता आम्ही कोण!" संताजीरावांचे कान लाल झाले. मागे वळले नाहीत.

विजयादशमी उजाडली. तीन वाजता त्यांना राजवाड्याच्या मैदानात हजर व्हायचं होतं. दोनपर्यंत ड्यूटी आमच्याच थिएटरच्या दाराशी. भागीरथीबाईंनी तांदळाच्या पेजेची खळ देऊन गणवेश असा कडक केला होता की तो माणसाशिवाय उभा राहिला असता. इस्त्री मोडू नये म्हणून संताजीराव सकाळपासून बसले नव्हते.

आमचे मालक दसऱ्याच्या दिवशी नटांना रंगवून, कपडे चढवून दारात उभे करत. तीच जाहिरात. तेव्हा मीही तिथंच होतो, उशीसकट, कोळशाच्या मिशांसकट. दीडचा सुमार. गर्दी अशी की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नव्हता. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी बाहेर फेकल्यासारखी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, हिरवं लुगडं, कपाळावर मळवट, डोळ्यांत पाणी. तिनं सरळ माझा हात धरला.

"मामा!"

आणि मी काय करावं? सवयीनं डोळा मिचकावला.

ती किंचाळायचीच राहिली. हात सोडून दोन पावलं मागे सरली आणि रडायला लागली. आयुष्यात एवढा वाईट प्रवेश मी कधी केला नाही. संताजीराव चार हातांवर उभे होते. दाराशी त्यांच्याच ठाण्याचे दोन शिपाई, दोघांचं लक्ष इकडेच. मुलीनं आता खरी टोपी बघितली आणि पुन्हा, बारीक आवाजात, म्हणाली, "मामा..."

मी संताजीरावांकडे बघत होतो. त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. हाक कुणी मारली, तेवढंच पाहिलं.

"ओ," ते म्हणाले. "बोल बाळ. काय झालं?"

ती कन्नडमध्ये सांगत होती, मध्येच "आई गं" म्हणाली आणि संताजीराव मराठीवर आले. नाव वनजा. माहेर बैलकुप्प्याच्या अलीकडच्या खेड्यात, सासर नंजनगूडला. वैशाखात लग्न झालेलं, पहिला दसरा. सासरचा सगळा गोतावळा सकाळच्या गाडीनं आला होता. बांगड्यांच्या दुकानाशी ती क्षणभर थांबली, आणि वळून बघते तो एकही ओळखीचं पागोटं दिसेना. निघताना आईनं सांगितलं होतं, हरवलीस तर टोपीवाल्याला मामा म्हण, भिऊ नको.

"नवऱ्याचं नाव काय?"

मुलीनं मान खाली घातली.

"बरं, सासऱ्यांचं?"

मान आणखी खाली.

"मग तुझं नाव पुकारू या. यांच्या थिएटरवर भोंगा आहे."

"नको मामा! साकु, पुरे, नको!" ती घाबरलीच. "सासरे, चुलतसासरे सगळे आहेत. माझं नाव मैसूरभर ओरडलं तर मी घरात पाऊल कसं टाकू?"

"मग काय पुकारायचं?" मी म्हणालो. "हिरव्या लुगड्याच्या बाईचे यजमान म्हणून? पंधराशे येतील."

दोन वाजले. संताजीरावांच्या जागी यायचा शिपाई आला. मी त्यांना बाजूला घेतलं. "दफेदार, आता ही याच्या हवाली करा आणि निघा. तुमचं काम झालं."

त्यांनी मैदानाच्या दिशेला पाहिलं. तिकडून बँडवाले सूर जुळवत होते, ते ऐकू येत होतं. मग त्यांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मुलीनं ती मुठीत धरली होती. भागीरथीबाईंची इस्त्री केव्हाच गेली होती.

"एवढं बोलायला तिला अर्धा तास लागला," ते म्हणाले. "आता दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून सांगायला लावू?"

आणि सकाळपासून उभा असलेला तो माणूस आमच्या पडद्याच्या पेटीवर बसला. त्यामुळे त्याचं डोकं मुलीच्या डोक्यापेक्षा खाली आलं.

"हे बघ वनजा. लग्नात उखाणे घेतलेस की नाही?"

"घेतले."

"कुणी कुणी मागितले?"

"नणंदांनी. आत्यानं. जावेनं."

"मामानं?"

"मला मामा नाही. आई एकटीच."

"मग मामाचा मान राहिलाय. त्याचा उखाणा घे. इथं कोण आहे? मी आहे, आणि हा एक नाटकवाला आहे, तो मोजायचा नाही."

मुलगी पहिल्यांदा हसली. डोळे पुसले, पदर सारखा केला, उभी राहिली ताठ. आणि मी शपथेवर सांगतो, आमच्या कंपनीच्या नायिकेला कधी साधला नाही असा स्वच्छ, ठसठशीत आवाज लावून म्हणाली:

"नंजनगूडच्या केळ्यांना मैसुरात भाव,
हरवलेल्या माणसाचं अंबाजीराव नाव!"

"वाहवा!" मी ओरडलो. संताजीरावांच्या मिशीची टोकं वर गेली. इतके दिवस मी जे मिळवू शकलो नव्हतो ते तिनं दोन ओळींत मिळवलं. हरवली होती ती, आणि बाईनं हरवलं होतं नवऱ्याला!

मी धावत जाऊन माइक घेतला. संताजीराव मागून म्हणाले होते, "नुसतं नाव पुकारा, बिंदण्णा. जास्त नको." पण माइक आणि मी! एक वाक्य जास्त बोलल्याशिवाय मी कधी माइक सोडला आहे? मी छाती भरून गर्जलो, "नंजनगूडचे श्रीयुत अंबाजीराव! जिथं असाल तिथून नाटकाच्या थिएटरपाशी यावं! आपले दफेदार मामा आपली वाट पाहत आहेत!"

'दफेदार मामा'. तो शब्द माझा होता. भोंग्याचं तोंड राजवाड्याच्या दिशेला होतं, हे मला कुणी आधी सांगायला नको का?

तीन अंबाजीराव आले. पहिले साठीचे, काठी टेकत. वनजानं तोंडाला पदर लावला आणि जोरात मान हलवली. दुसऱ्यांच्या बरोबर त्यांची बायको होती. ती कमरेवर हात ठेवून विचारत होती, "हे कुठले मामा काढलेत नवीन?" त्यांची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. तिसरा एक पोरगेलासा माणूस, एक चप्पल पायात आणि एक हातात, घामानं निथळत धावत आला. त्याला बघताच वनजानं पाठ फिरवली आणि पदर पुढे ओढला. बस, ओळख पटली.

अंबाजीरावानं काही न विचारता वाकून संताजीरावांच्या बुटांना हात लावला. बायकोच्या मामाच्या पाया पडतात, तसा.

"हात धरून चाला," संताजीराव म्हणाले. "लाज घरी गेल्यावर."

तेव्हा तीन वाजून गेले होते.

संताजीराव धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या गर्दीतून. मीही पोटावरची उशी दोन्ही हातांनी धरून मागे धावलो. मैदानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तुकडी लागली होती. चौथ्या रांगेत उजवीकडे एक तरुण शिपाई उभा होता. इन्स्पेक्टर फाटकातच होते.

"तुमच्या जागी दुसरा माणूस घेतला आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि ते 'दफेदार मामा' मी इथं उभं राहून ऐकलं. सगळ्या म्हैसूरनं ऐकलं. मेमो उद्या मिळेल. आता रस्त्यावर गर्दीच्या दोरीला जा."

मी पुढे झालो. "साहेब, तो शब्द माझा..." संताजीरावांनी माझा दंड असा दाबला की मी गप्प बसलो. त्यांनी सॅल्यूट केला आणि गेले.

मी त्यांच्याजवळच, दोरीच्या अलीकडे, गर्दीत उभा राहिलो. बँड आला, घोडे आले, पोलिसांची तुकडी आली. संताजीराव रस्त्याला पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभे होते. बंदोबस्ताच्या माणसानं गर्दी बघायची असते, मिरवणूक नाही. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मग एकदम सगळीकडून आरोळी उठली. अंबारीचा हत्ती आला होता. सोन्यावर ऊन पडलं होतं, शेजारी एक म्हातारी हात जोडून रडत होती.

"दफेदार," मी म्हणालो, "एकदा मागं वळून बघा हो. शेवटचा दसरा तुमचा. कोण बघतंय?"

"हे सगळे बघताहेत की," ते म्हणाले. "बिंदण्णा, बत्तीस वर्षांत हत्ती मी धड पाहिला नाही. पण हत्ती बघणारी माणसं माझ्याइतकी मैसुरात कुणी पाहिली नसतील. त्या म्हातारीला जरा सावरा, पडेल ती."

दुसऱ्या दिवशी मेमो आला: हुकूम असताना हाकेला ओ दिली, मिरवणुकीला उशीर केला, खुलासा करा. मी अपराध्यासारखा रात्रभर जागून तीन पानांचा मसुदा लिहून नेला. त्यात 'अबला' होती, 'अश्रू' होते, 'कर्तव्याची वेदी' दोनदा होती. संताजीरावांनी तो सगळा वाचला.

"छान आहे," ते म्हणाले. "तुमच्या नाटकात घाला."

आणि त्यांनी स्वतः कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या. हाक आली. मी ओ दिली. मुलगी तिच्या माणसांपाशी पोचती केली. त्यामुळे उशीर झाला.

भोंगा माझा, म्हणून साक्षीला मला बोलावलं होतं. इन्स्पेक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. आज मी त्यांच्या जागी असतो तर मलाही शिस्तीचीच काळजी वाटली असती. ते म्हणाले, "दफेदार, दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. बत्तीस वर्षांच्या कागदात एक डाग नाही. खाली एवढंच लिहा, की ओ दिली ही चूक झाली. मी मेमो फाडतो."

मी मनातल्या मनात संताजीरावांना ओरडून सांगत होतो, लिहा, लिहा, चार अक्षरं तर आहेत.

"साहेब," संताजीराव म्हणाले, "उशीर झाला, ते लिहिलंय. चूक झाली नाही."

"तुम्हाला कळतंय ना, हा मेमो कायम राहील?"

"होय साहेब."

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "ही मुलगी तुमच्या नात्यातली?"

मला माहीत होतं, संताजीरावांना सख्खी बहीण नव्हती, चुलत नव्हती, मानलेलीसुद्धा नव्हती. हा माणूस खोटं बोलत नसे, हेही माहीत होतं.

"होय साहेब."

"कुठल्या बाजूनं?"

"आईच्या," संताजीराव म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद वळवून आमच्या पुढे केला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, आणि अजून मला तो शब्दन् शब्द पाठ आहे: 'घरची मुलगी हरवल्यामुळे उशीर. खुलासा मान्य.'